दीडशे पानांवर अडलेली कादंबरी

या महिन्यात नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच पुस्तकाविषयी आहेत, आणि ती लिहिणारे तिघेही एकाच पुस्तक भिशीचे सभासद असल्याचे दुसऱ्या पत्रावरून कळले. एरवी या सदरात सहा-सात प्रश्न घेतले जातात. या वेळी ही तीनच पत्रे घेतली असून पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यात मांडलेली अडचण मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि पुढे इंग्रजी पुस्तकांकडे वळलेल्या पुष्कळ वाचकांची आहे, असे मला वाटते.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पदविका इंग्रजीतून. कामापुरते इंग्रजी मला चांगले येते आणि गेली काही वर्षे मी इंग्रजी कादंबऱ्याही वाचते. आमच्या पुस्तक भिशीत या वेळी नील स्टीव्हन्सन यांची 'अ‍ॅनाथेम' ही विज्ञान कादंबरी निवडली गेली. मी ती तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा दीडशेव्या पानाच्या आसपास थांबले. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात एखादा तरी शब्द असा येतो, जो शब्दकोशात सापडत नाही. पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची उघडली, तर स्पष्टीकरणातच आणखी दोन अनोळखी शब्द असतात. कथा पुढे सरकत नाही, मोठ्या घड्याळाला चावी देण्याचे वर्णन मात्र पानेच्या पाने चालते. भिशीतील बाकीचे पुढे गेले आहेत. माझे इंग्रजी कमी पडते, की विज्ञान, की पुस्तकच तसे आहे, हे मला ठरवता येत नाही. हे पुस्तक सोडून द्यावे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या तीन शक्यतांपैकी तिसरी खरी आहे. पुस्तकच तसे आहे, आणि ते लेखकाने जाणूनबुजून तसे केले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या नऊशेहून अधिक पानांच्या कादंबरीतील शेकडो शब्द लेखकाने स्वतः घडवलेले आहेत, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा वाचकालाही ते पहिल्या पानावर तुमच्याइतकेच अनोळखी असतात. फरक असा, की त्या वाचकाला आपल्या भाषेचा भरवसा असतो. 'फ्रा', 'सूर' किंवा 'अव्हाउट' असा शब्द समोर आला, की हा लेखकाने बनवलेला दिसतो, पुढे कळेल, असे म्हणून तो वाचत राहतो. आपण इंग्रजी शाळेत, पाठ्यपुस्तकातून आणि परीक्षेसाठी शिकलो. न येणारा प्रत्येक शब्द हा आपलाच उणेपणा आहे, अशी सवय मनाला तेव्हापासून लागलेली असते. त्यामुळे आपण थांबतो, कोश उघडतो, शब्द सापडत नाही, आणि जी अडचण लेखकाने सर्वांसाठी मांडून ठेवली आहे ती आपल्या एकट्याच्या खात्यावर लिहून घेतो. तीनदा सुरुवात करून तुम्ही थांबलात, त्याचे कारण मला यातच दिसते.

यावर उपाय म्हणजे अनोळखी शब्द आधी निवडून वेगळे करणे, आणि हे काम तुम्ही कारखान्यात रोज करता. काही शब्द खरोखरच इंग्रजीतले पण कमी वापरातले असतात. ते कोशात सापडतात आणि त्यांच्यासाठी कोश जरूर उघडावा. काही शब्द निव्वळ बनवलेले असतात, आणि तिथे कोशाचा काही उपयोग नाही. खरी फसवणूक करतात ते तिसऱ्या जातीचे शब्द, जे दिसायला ओळखीचे असतात पण ज्यांचा अर्थ बदललेला किंवा आपल्याला ठाऊक असलेल्या अर्थापेक्षा निराळा असतो. या कादंबरीतील मठवासीयांकडे स्वतःच्या मालकीच्या तीनच वस्तू असतात : 'बोल्ट', 'कॉर्ड' आणि 'स्फिअर'. अंबडला काम करणाऱ्या माणसाला बोल्ट म्हटल्यावर नटाचा जोडीदार आठवणार, यात नवल नाही. इथे मात्र त्याचा अर्थ अंगाभोवती गुंडाळायचे लांब वस्त्र असा आहे, कारण इंग्रजीत कापडाच्या ताग्यालाही बोल्ट म्हणतात. 'कॉर्ड' म्हणजे ते वस्त्र बांधायची दोरी. मात्र तिचे स्पेलिंग संगीतातील स्वरमेळाच्या शब्दाचे आहे. असा शब्द एकदा चुकीच्या अर्थाने मनात बसला, की पुढची वीस पाने गढूळ होतात आणि गढूळपणा कुठून आला ते सापडत नाही.

या वस्त्रावरून तुमच्या रोजच्या वाटेवरची एक गोष्ट सांगतो. अंबडकडे जाता-येता पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तिथल्या बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजार कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने होते, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत अशी व्यवस्था त्याने केली. अंगावरच्या वस्त्राखेरीज फारसे काही बाळगू न देणारा मठ, त्याला बाहेरच्या जगाने पुरवलेला आधार, आणि भिंतीच्या आत चालणारे चिंतन, ही रचना नाशिकच्या वाचकाला परकी नाही. 'अ‍ॅनाथेम'मध्ये तिच्यात एकच बदल केला आहे. तिथले मठवासी देवाची उपासना करत नाहीत. ते गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करतात, आणि भिंतीबाहेरचे जग यंत्रे, करमणूक आणि राजकारण यांत गुंतलेले असते.

तुम्हाला मराठीचा आणखी एक फायदा आहे, जो इंग्रज वाचकाला नाही. या मठांना कादंबरीत जो शब्द वापरला आहे, त्याची रोमन अक्षरे एम, ए, टी, एच अशी आहेत. इंग्रज वाचकाला त्यात आधी गणित दिसते आणि वास्तूचा अर्थ मागाहून लावावा लागतो. आपण ती अक्षरे सरळ 'मठ' अशी वाचू शकतो आणि अर्थ तत्क्षणी लागतो. लेखकाच्या मनात आपला शब्द होता असा माझा दावा नाही. पण वाचताना हाताशी आलेली काठी टाकून देण्याचे कारणही नाही. तसाच दुसरा शब्द 'सॉन्ट'. थोर विचारवंताच्या नावाआधी, बहुधा त्याच्या मृत्यूनंतर, तो लावतात. कादंबरीतील कोशात त्याची व्युत्पत्ती दिली आहे : मूळ शब्द 'सॅव्हंट', म्हणजे विद्वान, दगडावर मोठी अक्षरे कोरताना व्ही आणि यू यांची गल्लत होऊ लागली, आणि चुकीचे रूपच पुढे रूढ झाले. विद्वान आणि संत या दोन अर्थांची सरमिसळ त्या एका शब्दात साठलेली आहे. शतकानुशतके वापरलेला शब्द असा झिजतो आणि वळतो, हे आपण मराठीत पाहिलेले आहे. 'गर्भिणी'पासून आलेले 'गाभण' आज फक्त जनावराला लागते. अशोकाच्या शिलालेखांत 'पाषंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, त्यात निंदा नव्हती. आपल्या 'पाखंडी'त मात्र निंदेखेरीज काही उरलेले नाही. कादंबरीत प्रकरणांच्या अधेमधे असे कोशातले उतारे दिलेले आहेत, आणि वाचक त्यांना अडथळा समजून ओलांडून जातात. तुम्ही ते सावकाश वाचा. शेवटची शब्दसूची नाही वाचली तरी चालेल, पण हे उतारे कथेचाच भाग आहेत, आणि त्यांतून त्या जगाचा साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास हळूहळू कळत जातो.

आता कथा पुढे सरकत नाही या तक्रारीविषयी. पहिला प्रसंग पुन्हा एकदा काढून पाहा. ओरोलो नावाचा मठातील एक वडीलधारा अभ्यासक बाहेरून आलेल्या एका कारागिराला प्रश्न विचारत असतो, आणि कथा सांगणारा तरुण, एरास्मास, ते लिहून घेत असतो. प्रश्नावली शेकडो वर्षे जुनी आहे. मठाची भाषा वेगळी, बाहेरची वेगळी, आणि विचारलेल्या गोष्टींपैकी कितीतरी गोष्टी त्या कारागिराच्या जगात उरलेल्याच नाहीत. त्यामुळे दोघांनाही एकमेकांचे बोलणे पुन्हा पुन्हा समजावून घ्यावे लागते. म्हणजे शब्द न कळणे हाच पहिल्या प्रसंगाचा विषय आहे. वाचकाने त्या कारागिराच्या जागी उभे राहावे, अशी लेखकाची योजना आहे. एरास्मास सर्व काही समजावून सांगत नाही, कारण तो लहानपणापासून त्या भिंतींच्या आत वाढला आहे आणि त्याला ते शब्द आपल्याला 'ओटा' किंवा 'माजघर' जितके नेहमीचे असतील तितकेच नेहमीचे आहेत.

घड्याळाच्या वर्णनालाही असेच कारण आहे. त्या मठसमूहातील रहिवासी चार गटांत विभागलेले असतात. एका गटाची दारे वर्षातून एकदा बाहेरच्या जगाकडे उघडतात, दुसऱ्याची दहा वर्षांनी, तिसऱ्याची शंभर आणि चौथ्याची हजार वर्षांनी. आणि दारे उघडली की ती दहा दिवस उघडी राहतात. हे सगळे ज्या घड्याळावर चालते, त्याला माणसांनी रोज हातांनी चावी द्यायची, हा तिथला मुख्य विधी आहे. रामकुंडावरचे गंगा-गोदावरी मंदिर बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडते, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलेले असेल. दोन सिंहस्थांच्या मधल्या काळात जन्मलेले मूल ते दार पहिल्यांदा उघडताना पाहते, तेव्हा शाळेत जाऊ लागलेले असते, आणि दुसऱ्यांदा उघडताना पाहते, तेव्हा नोकरीला लागलेले असते. घड्याळाच्या त्या पानांतून लेखकाला हीच जाणीव वाचकाच्या अंगात मुरवायची आहे. घाईने वाचले तर ते निव्वळ यंत्राचे वर्णन राहते. माझ्या मते तरीही ही पाने जरा जास्त झाली आहेत. इमारतीच्या रचनेचे वर्णन निम्म्यावर आले असते तरी काही बिघडले नसते. त्यामुळे तिथे कंटाळा आला, तर तो तुमच्या बुद्धीचा दोष मानू नका.

मी स्वतः ही कादंबरी पहिल्या वेळी अर्ध्यावर ठेवली होती, आणि दुसऱ्या वेळी ती पार पडली ती माझ्या आजीमुळे. आजी पंचवटीत राहत असे आणि दर वर्षी ज्ञानेश्वरीचे पारायण करत असे. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. सातशे वर्षांपूर्वीची ती मराठी तिला सगळी कळत होती असे नाही, आणि सगळी कळते असे ती कधी म्हणालीही नाही. पारायणात थांबायचे नसते. अर्थ लागो न लागो, ठरलेल्या ओव्या ठरलेल्या दिवशी वाचायच्या, आणि जी ओवी मनात अडकली ती दुपारी सार्थ प्रत उघडून पाहायची. एक तरी ओवी अनुभवावी, असे नामदेवांनी म्हटले आहे. नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाबद्दल हे म्हणताना त्यांनी वाचकाला किती मोकळीक दिली आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. आपली शाळा आपल्याला याच्या उलट शिकवते. धडा आला, की आधी शब्दार्थ, मग वाचन, मग स्वाध्याय. कठीण कादंबरीला शाळेची रीत लावली, की आपण दीडशेव्या पानावर थकतो. पारायणाची रीत लावली, तर वाट निघते.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे, की चौथ्यांदा पहिल्या पानापासून सुरू करू नका. जिथे थांबलात त्याच्या आठ-दहा पाने मागे जा आणि तिथून रोज पंधरा पाने वाचा. या गतीने उरलेले पुस्तक दोन महिन्यांच्या आत संपते. वाचताना कोश आणि फोन दोन्ही दूर ठेवा, जवळ एक पेन्सिल असू द्या. अनोळखी शब्दाखाली हलकी रेघ मारा आणि पुढे जा. त्या दिवशीची पाने संपल्यावर रेघ मारलेल्या शब्दांकडे परत पाहा. बहुतेक शब्द तोवर आपोआप उलगडलेले असतात, कारण एखादा शब्द चार वेगवेगळ्या वाक्यांत भेटला, की तो कोशाशिवायही कळतो, आणि आपण आईची भाषा अशीच शिकलेलो असतो. जे शब्द तीन-चार दिवस रेघेखालीच राहतील, तेवढेच शेवटच्या सूचीत पाहा. पात्रांची नावे मात्र पहिल्या दिवसापासून एका कागदावर उतरवून ठेवा, नावापुढे 'कोणत्या गटाचा' आणि 'कोणाचा मित्र' एवढेच लिहा. नावे विसरल्यामुळे होणारा गोंधळ शब्द न कळल्यामुळे होणाऱ्या गोंधळापेक्षा मोठा असतो, आणि वाचक नेमका उलटा विचार करतो.

सोडून द्यावे का, हाही तुमचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे योग्य होणार नाही. कादंबरीचे तेरा भाग आहेत. चौथ्या आणि पाचव्या भागांत मठाच्या आत अशा दोन घटना घडतात, की ज्यांच्यामुळे तिथले सगळे जीवन ढवळून निघते, आणि सहाव्या भागात कथा भिंतीबाहेर पडते. त्या घटना काय, हे मी सांगणार नाही. पाचवा भाग संपेपर्यंत वाचा. तिथे पोहोचल्यावर एरास्मासचे पुढे काय होते याची ओढ तुम्हाला वाटली नाही, तर पुस्तक निःशंक मनाने मिटा. त्या वेळी तुम्ही ते अडून नव्हे, तर निवड करून सोडलेले असेल. दीडशेव्या पानावर मात्र ही निवड करता येत नाही, कारण निवडण्यासाठी लागणारी गोष्टच लेखकाने अजून समोर ठेवलेली नसते.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. आमच्या भिशीत 'अ‍ॅनाथेम' वाचताना विज्ञानाचा भाग समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातील 'हेम्न स्पेस' ही कल्पना सभासदांना सोप्या रीतीने कशी सांगावी? आणि दुसरे असे, की पायथागोरसच्या प्रमेयाला तिथे 'अ‍ॅड्राखोन्सचे प्रमेय' म्हटले आहे. ओळखीची नावे बदलून लेखकाने वाचकाला विनाकारण त्रास दिला आहे, असे माझे मत झाले आहे. आपले काय मत आहे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

उत्तर : सर, पहिल्या प्रश्नासाठी भिशीच्या बैठकीत कॅरमचा बोर्ड ठेवा. बोर्डावर नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी अशा एकोणीस सोंगट्या असतात, आणि स्ट्रायकर धरून वीस वस्तू होतात. प्रत्येकीची जागा सांगायला दोन संख्या लागतात, डाव्या कडेपासूनचे अंतर आणि खालच्या कडेपासूनचे अंतर. म्हणजे एखाद्या क्षणी संपूर्ण बोर्ड कसा दिसतो हे सांगायला चाळीस संख्या पुरतात. आता सभासदांना अशी कल्पना करायला सांगा, की चाळीस अक्ष असलेला एक अवकाश आहे आणि त्या चाळीस संख्या म्हणजे त्यातील एकच बिंदू आहे. डोळ्यांपुढे चाळीस अक्ष येणार नाहीत, येतात म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये, पण हिशेब करायला चित्राची गरज नसते, हे तुमच्याइतके चांगले कोण सांगू शकेल? एक फटका मारला, सोंगट्या पांगल्या आणि स्थिर झाल्या. त्या चाळीस अक्षांच्या अवकाशात तेवढ्या वेळात एका बिंदूने एक रेषा आखली. कादंबरीतील 'हेम्न स्पेस' ती हीच; आपल्याकडच्या भौतिकशास्त्रात तिला विन्यास-अवकाश म्हणता येईल. प्रत्येक सोंगटीचा वेगही मोजायचा ठरवले, तर संख्या ऐंशी होतात आणि कल्पना एक पायरी पुढे जाते. ती पायरी पहिल्या बैठकीत घेऊ नये.

यानंतरची गोष्ट कादंबरीसाठी अधिक महत्त्वाची आहे. त्या अवकाशातील पुष्कळसे बिंदू अशक्य आहेत, उदाहरणार्थ, जिथे दोन सोंगट्या एकाच जागी आहेत असे बिंदू. उरलेले बिंदू शक्य आहेत, पण शक्य असलेल्या प्रत्येक बिंदूपर्यंत आत्ताच्या मांडणीतून नियमाने जाता येईलच असे नाही. बोर्डाच्या जागी सगळे विश्व ठेवले, तर विश्वाचा इतिहास ही त्या प्रचंड अवकाशातील एक रेषा ठरते. मग आपल्या रेषेखेरीज दुसऱ्या रेषा असतील का, आणि असल्या तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध येत असेल का, हा प्रश्न उभा राहतो, आणि कादंबरीचा उत्तरार्ध याच प्रश्नावर उभा आहे. पुस्तकाच्या शेवटी 'कॅल्का' नावाची तीन परिशिष्टे आहेत, त्यांतील दुसरे याच कल्पनेविषयी आहे. आधी बोर्ड, मग ते परिशिष्ट, असा क्रम ठेवावा.

नावांच्या बाबतीत मात्र तुमच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. 'आर्ब्र' नावाच्या दुसऱ्याच एका ग्रहावर ही कथा घडते, तेव्हा तिथे पायथागोरस जन्मलेला असणार नाही. तरीही काटकोन त्रिकोणाचा गुणधर्म तिथेही तोच सापडतो. नाव बदलते, शोधणारा बदलतो, सिद्धान्त बदलत नाही. मग तो सिद्धान्त माणसाने घडवला की तो आधीपासून कुठेतरी होता आणि माणसाला फक्त सापडला? प्लेटोपासून चालत आलेला हा वाद कादंबरीचा कणा आहे, आणि ओळखीचे नाव ठेवले असते तर तो वाचकाला इतका जाणवला नसता. आपल्याला तर याचे उदाहरण घरातच मिळते. आयताच्या कर्णावरील चौरस दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापांसाठी सांगितलेले आहे. एकाच सत्याला दोन संस्कृतींत दोन नावांनी भेटलेला भारतीय विद्यार्थी या कादंबरीचा युक्तिवाद चटकन ओळखू शकतो, फक्त त्याला कोणीतरी तो जोडून दाखवला पाहिजे. हे तुम्ही दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

उरलेल्या अर्ध्यात मी तुमच्या बाजूने आहे. मोबाइलसारख्या उपकरणाला 'जीजा' आणि चित्रण करणाऱ्या यंत्राला 'स्पीलीकॅप्टर' म्हटल्याने त्या युक्तिवादाला काही बळ मिळत नाही. तिथे शब्द बदलला, पण शब्दामागची वस्तू जशीच्या तशी राहिली. 'सॉन्ट' या शब्दात इतिहास आहे, 'जीजा'त नाही. असे शब्द गाळून टाकले असते, तर पुस्तक कितीतरी हलके झाले असते. दहाव्या भागातील भोजनाच्या वेळच्या चर्चांविषयीही माझे असेच मत आहे : त्यांतील विचार मोलाचे आहेत, पण तिथे पात्रे माणसे म्हणून मागे पडतात आणि मुद्देच एकमेकांशी बोलू लागतात. सभासदांना त्या भागात तुमची गरज सर्वांत जास्त लागेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. 'अ‍ॅनाथेम' वाचण्याआधी तिचा सारांश वाचून घेतला तर चालेल का? आणि मराठीत इतक्या मोठ्या, इतक्या कठीण विज्ञान कादंबऱ्या का दिसत नाहीत?
— एक वाचक, आडगाव, नाशिक

उत्तर : सारांश आधी वाचू नका. या पुस्तकातील आनंदाचा मोठा भाग हळूहळू उलगडण्यात आहे आणि सारांश नेमका तोच हिरावून घेतो. एखादा भाग वाचून झाल्यावर, आपल्याला कळले ते बरोबर आहे का हे पडताळण्यासाठी त्या भागापुरता सारांश पाहिला, तर हरकत नाही. उताऱ्याचे यंत्राने केलेले भाषांतर मात्र इथे उपयोगाचे नाही. बनवलेल्या शब्दांना ते ओळखीचा अर्थ चिकटवते आणि तुम्ही वाट चुकता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की मराठी विज्ञानसाहित्य मुख्यतः कथेच्या रूपात वाढले. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ते आणि त्यांच्या बरोबरीचे लेखक नियतकालिकांतून, दिवाळी अंकांतून लिहीत होते, आणि विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा त्यांचा एक उघड हेतू होता. अशा कथेत विज्ञान समजावून सांगणारे कोणीतरी असतेच. तुमच्या पिढीने नाशिकमध्ये डिसेंबर २०२१ चे जे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पाहिले, त्याचे अध्यक्षही नारळीकरच होते, आणि ते संमेलन तुमच्या आडगावातच भरले होते. प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते. त्यांच्या कथांवर वाढलेला वाचक 'अ‍ॅनाथेम'कडे वळतो, तेव्हा तो नकळत त्या समजावून सांगणाऱ्या पात्राची वाट पाहत राहतो. या कादंबरीत समजावून सांगणारी पात्रे आहेत, किंबहुना पुष्कळ आहेत, पण ती गणित समजावतात, आपले जग समजावत नाहीत. ते तुम्हाला एरास्मासच्या मागे चालून स्वतः गोळा करावे लागते.

तुमच्या भिशीत इंदिरानगरच्या ज्या सभासद दीडशेव्या पानावर थांबल्या आहेत, त्यांच्याबरोबर रोजची पंधरा पाने तुम्हीही वाचा, आणि आठवड्यातून एकदा दोघांनी रेघा मारलेले शब्द एकमेकांना दाखवा. एकाला अडलेला शब्द दुसऱ्याला बहुधा लागलेला असतो. सर कॅरमचा बोर्ड आणतील तेव्हा दुसरे परिशिष्ट नंतर वाचण्यासाठी सोबत ठेवा, आणि चाळीसच्या ऐवजी ऐंशी संख्या कधी लागतात, हे त्यांना त्याच बैठकीत विचारा. पहिल्या बैठकीत ते घेऊ नये, असे मी वर त्यांना सांगितले आहे; पण विद्यार्थ्याने विचारल्यावर ते उत्तर दिल्यावाचून राहणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.